हलकं पाकीट कुणाचं? ‘पैकी’ या शब्दाचा हिशोब

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

दुपारची आवराआवर झाली असेल, तर कागद-पेन्सिल घेऊन बसा. आज आपण थोडा हिशोब करणार आहोत. बेरीज, भागाकार आणि शेकडेवारी, एवढंच त्यात लागेल. हा हिशोब आम्हाला वेळेवर सुचला नसता, तर आमच्या गटातल्या एका बाईवर आळ आला असता, आणि तो आम्ही आमच्याच हाताने रजिस्टरमध्ये लिहिला असता. म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो आहोत.

गोष्ट मागच्या दिवाळीची. गटाने चकलीच्या भाजणीची ऑर्डर घेतली होती. तालुक्याच्या एका दुकानदाराला अर्ध्या किलोची ४०० पाकिटं द्यायची होती. निवडायला, भाजायला, दळून आणायला सगळ्याजणी होत्या. भरायला मात्र दोघीच. नावं सांगत नाही. एकीला मावशी म्हणू, दुसरीला वहिनी. मावशी पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, गटाच्या कामावरच घर चालवणाऱ्या. वहिनी गटात नव्याने आलेल्या, लहान मूल सांभाळून जमेल तेवढा वेळ येणाऱ्या. मजुरी पाकिटामागे होती, म्हणून जिचं पाकीट तिची खूण असं ठरलं. मावशींच्या पाकिटावर लाल ठिपका, वहिनींच्या पाकिटावर निळा.

माल पोचला आणि तिसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. एका गिऱ्हाइकाने वजनाची तक्रार केली, म्हणून त्यांनी ढिगातून हाताला लागतील तशी ४० पाकिटं उचलून वजन केली होती. त्यातल्या ९ पाकिटांत भाजणी ५०० ग्रॅमपेक्षा कमी निघाली. ती ९ पाकिटं परत आली. आम्ही ठिपके मोजले. ५ लाल, ४ निळे.

संध्याकाळी बैठक बसली. ‘निम्म्याहून जास्त हलकी पाकिटं मावशींचीच आहेत,’ कुणीतरी म्हणालं. दुसरीने जोड दिली, ‘पाकिटामागे मजुरी, मग भरभर उरकतात.’ तिसरी हळूच बोलली, ‘उरलेली भाजणी जाते कुठे, तेही बघा.’ मावशी खाली मान घालून बसल्या होत्या. आम्ही गटांचं काम बघणाऱ्या, चार बुकं शिकलेल्या, पण आम्हालाही ते पटलं. भरण्याच्या कामावरून मावशींना काढावं, असा ठराव लिहायला आम्ही रजिस्टर उघडलंसुद्धा.

तेवढ्यात मजुरीची वही सांभाळणाऱ्या कोषाध्यक्ष म्हणाल्या, ‘पण ताई, कुणी किती पाकिटं भरली ते बघितलंत का?’

वही उघडली. मावशींची ३२०, वहिनींची ८०.

एकाच शब्दाचे दोन प्रश्न

आता कागदावर दोन प्रश्न लिहा.

पहिला: हलक्या पाकिटांपैकी मावशींची किती?

दुसरा: मावशींच्या पाकिटांपैकी हलकी किती?

ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात. शब्दही जवळजवळ तेच आहेत. पण ‘पैकी’च्या आधी काय आलं ते बघा. पहिल्या प्रश्नात आपण हलक्या पाकिटांचा गठ्ठा समोर घेतला आणि त्यात लाल ठिपके शोधले. दुसऱ्यात मावशींच्या पाकिटांचा गठ्ठा समोर घेतला आणि त्यात हलकी शोधली. गठ्ठा बदलला, की उत्तर बदलतं. मावशी भरण्यात हयगय करतात का, हे जाणून घ्यायचं असेल तर दुसरा प्रश्न विचारायला हवा. बैठकीत आम्ही पहिल्याचं उत्तर घेऊन दुसऱ्याचा निकाल लावत होतो.

साधा हिशोब करा. ४०० पैकी ३२० पाकिटं मावशींची, म्हणजे शंभरातली ८०. दोघींचा हात अगदी सारखा असता, तर ९ हलक्या पाकिटांतली साधारण ७ लाल आणि २ निळी असायला हवी होती. प्रत्यक्षात लाल ५ आणि निळी ४. म्हणजे ज्या आकड्यावरून आम्ही मावशींना दोष देत होतो, तो खरं तर त्यांच्या बाजूने बोलत होता.

मग दोष वहिनींचा? बैठकीत लगेच माना तिकडे वळल्या. आम्ही थांबवलं. नऊ पाकिटं म्हणजे मूठभर माल. मुठीत कधी लाल जास्त येतील, कधी निळी. तेवढ्यावरून मावशींनाही दोष देता येत नव्हता आणि वहिनींनाही नाही. दुकानदाराला विनंती करून दुसऱ्या दिवशी सगळीच पाकिटं टेम्पोत घालून परत आणली, परत आलेली ९ त्यात मिसळली आणि सगळी ४०० पुन्हा वजन केली. रिकामी पिशवी लेबलसकट १० ग्रॅमची होती. काट्यावर दिसेल त्यातून १० वजा करून प्रत्येक पाकिटातली भाजणी किती ते लिहिलं.

फरशीवर उभा राहिलेला डोंगर

वजन करताना एकीने सुचवलं, की पाकिटं वजनाप्रमाणे ओळीने लावू. फरशीवर खडूने रकाने आखले: ४८० ते ४९०, ४९० ते ५००, ५०० ते ५१०, असे पुढे. मावशींची ३२० पाकिटं आपापल्या रकान्यात लावली तेव्हा असं दिसलं:

४९० च्या खाली ८,
४९० ते ५०० मध्ये ४४,
५०० ते ५१० मध्ये १०७,
५१० ते ५२० मध्ये ११०,
५२० ते ५३० मध्ये ४५,
आणि ५३० च्या वर ६.

मधल्या दोन रांगा लांबलचक, दोन्ही बाजूंच्या आखूड, टोकाच्या अगदीच तोकड्या. मध्यभागी उंच आणि दोन्हीकडे सारखा उतरणारा डोंगर. ही ठेवण आम्ही मुद्दाम केली नव्हती, ती आपोआप झाली. कारण एका पाकिटाचं वजन अनेक बारीकसारीक गोष्टींनी ठरतं. माप किती दाबलं, भाजणी किती फुललेली होती, वर शीग राहिली की हाताने सारखी केली, पिशवीत ओतताना किती सांडली. यातली एखादी गोष्ट वजन थोडं वाढवते, एखादी थोडं घटवते. बहुतेक वेळा वाढ आणि घट एकमेकींना भागवतात, म्हणून वजन मधल्या आकड्याजवळ राहतं. सगळ्याच गोष्टी एकाच वेळी घटीकडे झुकल्या असं क्वचितच होतं, म्हणून टोकाला पाकिटं थोडी.

गणितात या डोंगराला ‘प्रसामान्य वितरण’ म्हणतात. तो ओळखायला दोनच आकडे लागतात. एक, शिखर कुठे आहे, म्हणजे सरासरी. मावशींची सरासरी ५१० ग्रॅम आली. दुसरा, डोंगर किती रुंद पसरला आहे. त्याच्या मापाला ‘प्रमाण विचलन’ म्हणतात. आपण त्याला सोपं नाव देऊ, पाऊल. मावशींच्या डोंगराचं पाऊल १० ग्रॅमचं निघालं.

आता लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी. डोंगर या आकाराचा असला, की शिखराच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल गेलं तर शंभरातली साधारण ६८ पाकिटं त्यात येतात. दोन-दोन पावलांत ९५ येतात आणि तीन-तीन पावलांत जवळजवळ सगळी, म्हणजे शंभरात ९९.७.

यावरून बाकीचं आपण घरीच काढू शकतो. एक पाऊल सोडून बाहेर उरली ३२. ती दोन्हीकडे सारखी वाटली, की एका बाजूला १६. म्हणजे सरासरीपेक्षा एक पाऊल किंवा त्याहून हलकी पाकिटं शंभरात १६. दोन पावलं किंवा त्याहून हलकी शंभरात दोन-सव्वादोन. तीन पावलांच्या खाली हजारात एखाद-दुसरं.

मावशींचं शिखर ५१० वर, पाऊल १० चं. ५०० म्हणजे बरोबर एक पाऊल खाली. ३२० चे शेकडा १६ म्हणजे ५१. फरशीवर मोजली तर ५२ निघाली होती. एका पाकिटाचा फरक.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. प्रत्येक गोष्टीचा डोंगर असा नसतो. गावातल्या घरांचं उत्पन्न मांडलं, तर बहुतेक घरं कमी उत्पन्नाकडे गोळा होतील आणि चार-दोन मोठी घरं दूरवर एकटी दिसतील. तिथे ६८ आणि ९५ चा हिशोब चालत नाही. आधी मांडून बघावं, डोंगर दोन्ही बाजूंनी सारखा दिसला तरच हे आकडे वापरावेत.

वहिनींचा डोंगर

वहिनींची ८० पाकिटं दुसऱ्या बाजूला लावली. ४८० च्या खाली २, ४८० ते ४९० मध्ये १०, ४९० ते ५०० मध्ये २७, ५०० ते ५१० मध्ये २८, ५१० ते ५२० मध्ये ११ आणि त्यावर २. डोंगर लहान, पण घाट तोच. पाऊलही १० ग्रॅमचंच. शिखर मात्र ५०० वर. आणि शिखरच ५०० वर असेल, तर निम्मी पाकिटं ५०० च्या खाली जाणारच. ८० ची निम्मी ४०. प्रत्यक्ष होती ३९.

आता सगळा हिशोब एकत्र करू.

मावशी: ३२० पैकी हलकी ५२. शंभरात सुमारे १६.

वहिनी: ८० पैकी हलकी ३९. शंभरात सुमारे ४९.

एकूण हलकी ९१. त्या ९१ पैकी मावशींची ५२, म्हणजे शंभरात ५७.

बघा, मावशींचं पाकीट हलकं निघण्याची शक्यता वहिनींच्या तिपटीने कमी आहे. तरीही हलक्या पाकिटांच्या ढिगात निम्म्याहून जास्त मावशींचीच आहेत. कारण मुळात भरलेली पाकिटंच त्यांची चौपट. जी जास्त काम करते तिच्या चुकाही जास्त दिसतात. घरातसुद्धा असंच असतं. रोज भांडी घासणारीच्या हातून कप फुटलेले सगळ्यांना आठवतात. जी कधी घासतच नाही, तिच्या हातून फुटणार कुठून?

अट घालून काढलेल्या या शक्यतेला गणितात ‘सशर्त संभाव्यता’ म्हणतात. ‘पाकीट हलकं आहे’ ही अट. ती घातली, की ४०० चा ढीग बाजूला राहतो आणि ९१ चा ढीग समोर येतो. एका बाजूच्या ‘पैकी’वरून दुसऱ्या बाजूची ‘पैकी’ कशी काढायची, याचा नियम थॉमस बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात आहे. तो निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. आपल्याला नियम पाठ करायची गरज नाही. तीन पायऱ्या पुरेत. कुणाचं काम एकूण किती, ते लिहा. प्रत्येकीच्या कामात चुकीचं प्रमाण किती, ते तिच्या डोंगरावरून काढा. मग चुका एकत्र करून त्यात कुणाचा वाटा किती, ते बघा. पहिली पायरी गाळली, की अन्याय होतो. बैठकीत आम्ही तीच गाळली होती.

फार हलकं पाकीट वेगळं सांगतं

वजन करताना आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. ५०० ऐवजी ४९० च्या खालचीच पाकिटं उचलली, तर? लाल ८, निळी १२. आता निळी जास्त झाली. माणसं तीच, पाकिटं तीच, अट तेवढी कडक केली आणि उत्तर उलटलं.

याचं कारण डोंगराच्या उताराशी आहे. ४९० ही जागा मावशींच्या शिखरापासून दोन पावलं खाली, तिथे त्यांची शंभरातली दोन-सव्वादोनच पाकिटं पोचतात. वहिनींच्या शिखरापासून ती एकच पाऊल खाली, तिथे शंभरातली १६ पोचतात. ५०० च्या खाली वहिनींचं प्रमाण मावशींच्या तिप्पट होतं, ४९० च्या खाली ते सातपट होतं. टोकाकडे जाल तसा हा फरक वाढतच जातो. म्हणून ४९८ ग्रॅमचं पाकीट हाती आलं, तर ते कुणाचं हे सांगणं कठीण. ४७८ चं आलं, तर बराच अंदाज बांधता येतो. ४८० च्या खाली दोनच पाकिटं होती आणि दोन्हींवर निळा ठिपका होता.

पण अंदाज म्हणजे निकाल नव्हे. वहिनींचा डोंगर १० ग्रॅमने सरकला होता हे कळलं. का सरकला, हे डोंगर सांगत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

आम्ही दोघींना आमच्यासमोर एकेक पाकीट भरायला सांगितलं. दिवाळीच्या घाईत प्रत्येक पाकीट वजन करायला वेळ नव्हता. सकाळी एक पाकीट काट्यावर ५१० ला भरायचं, तेवढी भाजणी मापात कुठवर येते तिथे खूण करायची आणि दिवसभर त्या खुणेने भरायचं, असं ठरलं होतं. मावशींनी काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवली, बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि मग ५१० ला भाजणी भरली. वहिनींनी भरलेली पिशवी तशीच काट्यावर ठेवली आणि ५१० दिसल्यावर थांबल्या. त्या ५१० मध्ये पिशवीचे १० ग्रॅम धरलेले. पिशवी ठेवून काटा शून्यावर आणायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम आमचं होतं.

चोरी कुणाचीच नव्हती. उरलेली भाजणीही कुठे गेलेली नव्हती. एक बटण दाबायचं राहिलं होतं, तेवढंच.

मग काय बदललं?

पहिला विचार आला, की सगळ्यांनीच जास्त भरावं. पण त्याचा हिशोब महागात जातो. मावशींची ५०० च्या वरची पाकिटं घ्या. ती २६८. त्यापैकी ५२० किंवा त्याहून जास्त भरलेली ५१, म्हणजे शंभरात १९. हलकी बाजूला काढून उरलेल्या पाकिटांची सरासरी काढली, तर ती ५१० राहत नाही, ५१३ च्या आसपास जाते. अट घातली की सरासरीही हलते. म्हणजे चांगल्या म्हणून पाठवलेल्या दर शंभर पाकिटांमागे सव्वा किलोच्या वर भाजणी फुकट जाते. सरासरी आणखी वाढवली, तर गट तोट्यात.

दुसरा उपाय म्हणजे पाऊल लहान करणं. सरासरी ५१० च ठेवली आणि पाऊल १० चं ५ ग्रॅमवर आणलं, तर ५०० ही जागा शिखरापासून दोन पावलं खाली जाते. हलकी पाकिटं शंभरात १६ वरून दोन-सव्वादोनवर येतात, तीही भाजणी न वाढवता. आम्ही आता मापाने भरून झालं, की प्रत्येक पाकीट काट्यावर ठेवतो आणि चमच्याने कमी-जास्त करतो. वेळ लागतो, म्हणून पाकिटामागची मजुरी थोडी वाढवली. काट्यापाशी ‘आधी पिशवी, मग शून्य, मग माल’ असं लिहिलेला कागद चिकटवला आहे.

माल पाकीटबंद करून विकणाऱ्या गटांनी हेही ध्यानात ठेवावं. प्रत्येक पाकीट तंतोतंत भरणार नाही, हे कायदाही जाणतो. २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या वैधमापन नियमांत ५०० ग्रॅमच्या पाकिटाला १५ ग्रॅमपर्यंतची तूट चालते, पण मालाची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असून चालत नाही. म्हणजे नियमही शिखर आणि टोक दोन्ही बघतो. मात्र नियमात सूट आहे म्हणून गिऱ्हाईक पुन्हा येईलच असं नाही.

अंगणवाडीच्या काट्यावर

हाच डोंगर आपल्या लेकरांच्या वजनालाही असतो. माता आणि बाल संरक्षण कार्डावर वजनाचा तक्ता असतो. त्यातला हिरवा, पिवळा आणि केशरी पट्टा तुम्ही पाहिला असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जी मानकं प्रसिद्ध केली, त्यावर तो आखला आहे. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली चांगलं पोषण मिळालेली सुमारे ८,५०० मुलं मोजली होती. हिरवा पट्टा संपून पिवळा सुरू होतो ती रेषा मधल्या वजनाच्या दोन पावलं खाली आहे. केशरी सुरू होतो ती तीन पावलं खाली.

आता तुम्हीच सांगा, उत्तम खाणाऱ्या-पिणाऱ्या १०० मुलांतली किती पिवळ्या रेषेखाली येतील? दोन-तीन. ती नुसती चणीने लहान असू शकतात. म्हणून घरात कुणी म्हणतं, ‘आमच्यात सगळे बारीकच, काही होत नाही.’

पण ज्या वस्तीत पोटभर अन्न नाही, सारखा जुलाब-ताप आहे, तिथे सगळा डोंगरच खाली सरकतो. एक पाऊल सरकला असं धरा. मग ती रेषा शिखरापासून एकच पाऊल दूर उरते आणि १०० पैकी १६ मुलं तिच्याखाली येतात. त्या १६ पैकी नुसत्या चणीने लहान फार तर दोन-तीन. बाकीची तेरा-चौदा अन्न आणि आजारामुळे खाली आली. तेव्हा ‘आमच्यात सगळे बारीकच’ हे उत्तर अशा वस्तीत बहुतेक वेळा चुकणार. आणि डोंगर सरकला म्हणजे जी मुलं अजून हिरव्या पट्ट्यात आहेत, तीही आपल्या जागेवरून खाली आलेली असतात. ती फक्त रेषेपर्यंत पोचलेली नसतात. म्हणून एकेका मुलाला रेषेखाली मोजून थांबू नये, वस्तीचं शिखर कुठे आहे तेही सेविकाताईंना विचारावं. आणि मूल रेषेखाली असेल, तर शक्यतेचा हिशोब घरी करत बसू नये, तपासून घ्यावं.

रेषा कुठे आखावी यावर आपल्याकडे मोठा वादही झाला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ, त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळला. त्यांचं म्हणणं होतं, की निरोगी माणसांच्याही अन्नाच्या गरजा सरासरीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या असतात. त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी धरू नये, रेषा सरासरीच्या दोन पावलं खाली घ्यावी. पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांना ते मान्य नव्हतं. रेषा वर ठेवली, तर धडधाकट माणसंही उपाशी मोजली जातात. फार खाली नेली, तर खरोखर उपाशी असलेली सुटतात. घरात शेवटी जेवणाऱ्या बाईला हा वाद पुस्तकातला वाटायचं कारण नाही.

रजिस्टरमधली दुरुस्ती

बैठकीचं शेवटी काय झालं ते सांगतो. ज्या पानावर मावशींना काढायचा ठराव लिहायला आम्ही बसलो होतो, त्याच पानावर आम्ही लिहिलं, की मावशींवर घेतलेला संशय चुकीचा होता, तो गट मागे घेतो, आणि काटा वापरायला न शिकवणं ही समन्वयाची चूक होती. बैठकीत ते मोठ्याने वाचलं. मावशींनी ते दोनदा वाचून घेतलं. वहिनींनाही कुणी बोल लावला नाही. दुकानदाराला हलकी ९१ पाकिटं पुन्हा नीट भरून दिली.

बटण राहिलं होतं ते कळायला एक दुपार लागली. मावशींना मात्र दोन रात्री झोप लागली नव्हती, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कुणी म्हणालं, ‘थकबाकीदारांपैकी बहुतेक मजुरी करणाऱ्याच आहेत,’ तर लगेच मान डोलवू नका. गटात मजुरी करणाऱ्या एकूण किती, ते आधी विचारा. मग मजुरी करणाऱ्यांपैकी थकलेल्या किती आणि बाकीच्यांपैकी किती, ते मोजा. आपल्या गटाचा असा एक तरी ‘पैकी’ वहीवरून काढून बघा, आणि पुढच्या वेळी भेटाल तेव्हा आम्हाला सांगा.